मेलेल्या डब्यांचं गोडाऊन

स्प्रेचा डबा मेला म्हणजे आतला रंग संपला असं नसतं. बटण दाबलं की तो थुंकल्यासारखं करतो, एक थेंब येतो, मग तोही येत नाही. गिऱ्हाईक शिव्या घालतं, दुकानदार डबा परत पाठवतो. हलवून बघा. आत गोळी खडखडते आणि रंग डुचमळतो. अर्धा डबा रंग असतो, त्याला बाहेर ढकलणारा गॅस तेवढा गेलेला असतो. हा अडकलेला रंग काढून गॅरेजवाल्यांना विकायचा, हा गुणवंतचा धंदा होता. धंदा गुणवंतचा, काढायचं काम बायांचं.

काशीमीऱ्याला हायवे सोडून आत वळलं की गॅरेजं आहेत. गॅरेजांच्या मागे हॉटेल, हॉटेलाच्या मागे पत्र्याच्या शेडी. त्यातली एक गुणवंतची. आत तीन बाया काम करायच्या. डोंगरीची इनेझ, मोरव्याची रसिका आणि गुणवंतच्या धाकट्या भावाची बायको उर्मिला.

काम सोपं आहे असं गुणवंत सगळ्यांना सांगायचा. टबात रॉड टाकून पाणी कोमट करायचं. मेलेले डबे त्यात बुडवायचे. ऊब लागली की आत उरलासुरला गॅस फुगतो आणि डब्यात जरा जीव येतो. मग डबा पत्र्याच्या डब्यावर आडवा धरून बटण दाबायचं. दिवसभर बटण दाबून अंगठा बधिर होतो, म्हणून बायांनी युक्ती काढली होती. सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर कापायचे, ते बटणावरून ताणून डब्याला अडकवायचे. बटण दाबलेलं राहतं. डबा आपोआप गळत बसतो, तोवर हात पुढच्या डब्याला मोकळे. अशी ओळच्या ओळ लावायची. युक्ती बायांची होती, पण गुणवंत ती आपली म्हणून सांगायचा.

शटर कायम अर्धं खाली. पूर्ण उघडलं तर वास बाहेर जातो आणि हॉटेलवाला भांडायला येतो. पूर्वी आत एक्झॉस्ट फॅन होता. त्याचं बटण बायांच्या हाताला यायचं आणि गुणवंतची पाठ फिरली की बाया फॅन लावायच्या. गुणवंतनं फॅनची वायर कापली, भोकावर पत्रा ठोकला आणि आतला स्विचबोर्डच काढून टाकला. ट्यूबलाइट, पाण्याचा रॉड, सगळं डायरेक्ट मेनवर. मेन स्विच बाहेर, शटरच्या बाजूला भिंतीवर, लोखंडी पेटीत. सकाळी आला की आधी मेन वर करायचा, मग शटर. त्याच्या हाताला तीच सवय. मागचं दार चोरी होते म्हणून वेल्डिंग करून बंद. बायांचे मोबाईल बाहेर टेबलाच्या खणात. का, तर मोबाईलनं ठिणगी पडते. हा स्वतः शटरमध्ये उभा राहून दिवसभर मोबाईलवर बोलायचा.

ठिणगीची भीती खोटी नव्हती. मागे एकदा सकाळी त्यानं देवाच्या फोटोला उदबत्ती लावली आणि निळा जाळ फरशीवरून सापासारखा पळत टबापर्यंत गेला. इनेझची साडी थोडी जळली. हा गॅस हवेपेक्षा जड, तो वर जात नाही, खाली फरशीवर पसरून बसतो, हे बायांना त्या दिवशी कळलं. गुणवंतनं लगेच उपाय केला. देवाचा फोटो बाहेरच्या टेबलावर नेला. देव बाहेर काढला, बाया आत ठेवल्या.

उर्मिला तिथे हौसेनं आलेली नव्हती. आधी तिचा नवरा लवू तिथे काम करायचा, मोठ्या भावाला मदत म्हणून. तेव्हा शटर पूर्ण खाली असायचं. लवूचं आधी डोकं दुखायला लागलं, मग हात थरथरायला लागले, मग चालताना तोल जायला लागला. आता तो भिंत धरून संडासला जातो. डॉक्टर म्हणाले नसा गेल्या. गुणवंत म्हणाला, दारूमुळे. लवू आयुष्यात कधी प्यायला नाही. लालबागची खोली आजारपणात विकून झाल्यावर गुणवंतनं त्यांना मीरा रोडला आपली रिकामी पडलेली वन रूम किचन राहायला दिली. भाडं नाही. भाड्याच्या जागी उर्मिला. मुलगी अनुष्का बारावीला. नातेवाइकांत गुणवंतचं नाव झालं. भाऊ असावा तर असा!

त्या दिवशी दुपारी पत्रा तापून वरून आग ओतत होता. रसिकानं नवीन पोत्यातले डबे टबातून काढून ओळीनं लावले आणि एकेकाला रबर चढवत गेली.

"वहिनी," ती म्हणाली, "तुमच्या हाताला चांदी, माझ्या हाताला चांदी. सोनं फक्त शेठच्या हाताला कसं काय?"

त्या दिवशी चंदेरी रंगाचे डबे होते. तिघींचे हात कोपरापर्यंत चंदेरी झालेले.

"तुला हवंय सोनं? उद्या पिवळ्या रंगाचं पोतं येणार आहे," उर्मिला म्हणाली.

इनेझ हसली. "माझ्या पोरीचं लगीन हाय. शेठला सांग, दोन पिवळे डबे आहेर म्हणून दे."

तेवढ्यात बाहेरून गुणवंतचा आवाज आला. "आत व्हा! आले, आले! आवाज नको!"

शटर धाडकन खाली आलं. कुलूप लागलं. मग मेन खाली पडल्याचा खट्ट आवाज आणि अंधार.

हे नवीन नव्हतं. हॉटेलवाल्यानं तक्रार केली की तपासणीवाले यायचे. मग गुणवंत बाहेरून कुलूप घालायचा, मेन पाडायचा, म्हणजे फटीतून उजेड दिसत नाही. तपासणीवाल्यांना सांगायचं, गोडाऊन बंद आहे. ते बघून जायचे. बाया याला सुट्टी म्हणायच्या. अंधारात जेवणाचे डबे सोडून खायच्या आणि गुणवंतची नक्कल करायच्या.

"सुट्टी झाली," रसिका कुजबुजली. "वहिनी, आज भाजी काय?"

"गवार."

"परत?"

"श्श!" इनेझ म्हणाली. "आयका."

पत्र्याला खिळ्यांची भोकं होती, त्यातून उजेडाचे ठिपके येत होते. त्या ठिपक्यांत तिघींनी कान दिला. फुस्स असा आवाज येत होता. एका ठिकाणाहून नाही, पूर्ण ओळीतून.

"हे मेलेले डबे न्हाय," इनेझ म्हणाली.

ते डबे मेलेले नव्हतेच. दुकानात पडून पडून तोंडात रंग वाळून बसला होता, म्हणून ते चालत नव्हते. आतला गॅस भरपूर होता. कोमट पाण्यानं वाळका रंग सुटला, रबरानं बटण दाबून धरलं, आणि ओळीतला एकेक डबा जागा झाला. शटर उघडं असतं तर निदान थोडा गॅस खालून निघून गेला असता. आता शटर बंद, आणि वास अडवायला गुणवंतनं नेहमीसारखं बाहेरून खालच्या फटीत गोणपाट कोंबलेलं.

"रबर काढ, रबर काढ," उर्मिला म्हणाली.

तिघी अंधारात चाचपडत ओळीवर पडल्या. रबर ताणून काढले. दोन-तीन डबे गप्प झाले. बाकीच्यांची बटणं वर येईनात. अर्धवट सुटलेला रंग बटणाखाली परत अडकला होता. बटण बोटानं उचकटायला गेली तर रसिकाच्या हातात बटणच निघून आलं आणि त्या भोकातून गॅस अजून जोरात सुटला. थंडगार. बोटांना चटका बसावा इतका थंड.

"आई गं! बंदच होत नाही हा!"

"सोड. तोंडावर घेशील," इनेझ म्हणाली.

"पाण्यात टाकू?"

"गरम पाण्यात टाकून अजून फुगवायचाय त्याला? ठेव खाली. आणि खाली बसू नका कुणी. उभ्या राहा. खाली गॅस हाय."

तिघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. वास आता गोड लागायला लागला होता. वास गोड लागला की समजायचं डोकं गेलं, हे लवू सांगायचा.

रसिकानं ओढणी नाकाला लावली. "दहा-पंधरा मिनिटांत जातात ते. गेले की शेठ खोलेल. धीर धरा."

"खोलेल," इनेझ म्हणाली. "पण खोलायच्या आधी काय करेल?"

रसिकाला कळलं नाही. उर्मिलाला कळलं.

आधी मेन, मग शटर.

मेन वर केली की काय होतं हे तिघी रोज बघत होत्या. दाराजवळची ट्यूब लागताना फडफडते. तिच्या होल्डरमध्ये चर्र करून ठिणगी उडते. उर्मिलानं स्वतः तीन वेळा सांगितलं होतं, भावोजी, तो होल्डर बदला. आणि टबातला रॉड! मेन पडल्याबरोबर, करंट नाही तोवर टबातले उरलेले डबे काढायला म्हणून, रसिकानं रॉड बाहेर काढून टबाच्या काठावर आडवा ठेवला होता. पाण्याबाहेरचा रॉड करंट मिळाल्यावर लालबुंद होतो.

उर्मिला हातानं चाचपत टबाशी गेली. रॉडची वायर सापडली. पिन नव्हतीच, वायर वायरला पीळ देऊन वर टेप गुंडाळलेली. आत्ता करंट नाही, पण बाहेरून कुणाचा हात मेनवर जाईल तर? तिनं डोळे मिटले आणि हिसका मारला. जोड सुटला. मग ती दोन उघडी टोकं एकमेकांना लागू नयेत म्हणून तिनं दोन दिशांना वाकवून ठेवली.  

"ट्यूबची वायर?" रसिकानं विचारलं. ती आता रडत होती.

ट्यूबची वायर पाइपातून वर, तुळईच्या कडेनं गेलेली होती. शिडी बाहेर होती. टबावर उभं राहिलं तरी हात पोचत नव्हता, आणि लोखंडी टब फरशीवर ओढायची कुणाची हिंमत नव्हती. ठिणगी कशानंही पडते.

म्हणजे आता एकच रस्ता होता. गुणवंतला कळवायचं की मेन लावू नको. आणि गुणवंत तपासणीवाल्यांच्या बाजूला उभा होता.

बाहेर बुटांचे आवाज आले. उर्मिलानं गोणपाट उपसून काढलं. फटीतून पांढरा उजेड आणि गरम हवा आत आली. माणसांचे आवाज स्पष्ट झाले.

"हे कुणाचं?" एक जाडा आवाज.

"बंद आहे साहेब. मालक गावाला गेलेत." हा गुणवंत.

"तुम्ही कोण?"

"मी बाजूचा."

आत तिघींनी एकमेकींकडे बघितलं. अंधारात चेहरे दिसत नव्हते, तरी बघितलं.

"वास इथूनच येतोय."

"सगळी गॅरेजं आहेत साहेब. इथे वासच येणार. सुगंध घ्यायला इथे कोण येतं?"

साहेब हसले नाहीत. "चावी कुणाकडे?"

"मागवतो ना. माणूस पाठवतो. तोवर ऊन लागेल तुम्हाला साहेब, हॉटेलात बसा. काही थंड..."

मग हायवेकडून एक ट्रेलर रिव्हर्समध्ये आला. त्याचा टूं टूं टूं आवाज गल्लीत भरून राहिला. पुढचं काही ऐकू येईना.

"आत्ता ओरड," इनेझ म्हणाली. "साहेब हाय तवर ओरड. साहेबासमोर तो मेनला हात लावणार न्हाय."

"नको!" रसिकानं उर्मिलाचा हात धरला. "वहिनी, नको. धंदा बंद होईल. मला दुसरीकडे कोण ठेवणार? घरी दोन पोरं आहेत, सासू आहे. साहेब गेले की शेठला हळूच हाक मारू ना. फटीतून. शेठला एकट्याला. कुणाला कळणार पण नाही."

हे बरोबर होतं. उर्मिलालाही तेच बरोबर वाटलं. साहेबांसमोर ओरडलं तर गोडाऊनला सील लागणार. गोडाऊनला सील म्हणजे गुणवंत खोली काढून घेणार. त्यात शंका नव्हती, तो तसाच माणूस होता. दिवाळीला आपण दिलेल्या साडीची आठवण होळीला करून देणारा. भिंत धरून चालणारा लवू कुठल्या भिंतीला धरून चालणार? अनुष्का परीक्षेचा अभ्यास कुठल्या पायरीवर बसून करणार?

"साहेब जाऊ देत," उर्मिला म्हणाली.

"आणि गेले हे तुला कळेल कसं?" इनेझ म्हणाली. "आयकू येतं का काय? माझं कान तर वाजतात."

"बुटांवरून कळेल."

"कळेल! तुला आत्ता तुझं नाव तरी कळतं का?"

कळत होतं, पण उशिरा. विचार यायचा आणि मग त्याचा अर्थ यायचा, मधे रिकामं. रसिका भिंतीवरून घसरत खाली बसायला लागली. इनेझनं तिला काखेत हात घालून उभं केलं. "उठ गो. खाली न्हाय बसायचं. तुझ्या सासूला काय सांगू मी? उठ." मग ती पुटपुटायला लागली, "माये, मरिये, सांभाळ," आणि मधेच गुणवंतच्या खानदानाला एक शिवी घालून परत मरियेकडे वळली.

उर्मिला गुडघ्यावर बसली. फटीशी तोंड न्यायचं तर खाली झोपायला पाहिजे, आणि खाली गॅस. ती झोपली. गाल फरशीला. नाकात रॉकेल, लोखंड आणि सडलेलं फळ असा वास एकदम गेला. फटीतून बाहेरचा सिमेंटचा तुकडा दिसत होता आणि एक चिरडलेला कप. बूट दिसत नव्हते.

ट्रेलर टूं टूं करत होता.

मग पावलं आली. एका माणसाची की दोघांची, कळेना. जवळ आली आणि थांबली. तिला चपलेची फक्त टाच दिसली, मग तीही बाजूला सरकली. गुणवंत चपला घालायचा, पण तपासणीवालाही चपला घालू शकतो. बोलण्याचा आवाज आला. गुणवंत कुणाशी बोलत होता? समोरच्या माणसाशी की मोबाईलवर? "हो साहेब, हो साहेब," एवढंच ऐकू आलं.

आणि मग लोखंडी पेटीचं झाकण कुरकुरलं.

तो आवाज तिघी रोज सकाळी ऐकायच्या. झाकण कुरकुरतं, मग खट्ट, मग ट्यूब फडफडते. कुरकुर आणि खट्ट यांच्यात एका श्वासाचं अंतर असतं.

साहेब अजून बाहेर आहेत का गेले? बघायला वेळ नव्हता. हळूच हाक मारायला वेळ नव्हता.

उर्मिलानं तोंड उघडलं आणि रसिकाचा हात मागून तिच्या तोंडावर बसला. "नको वहिनी, साहेब आहेत, ऐकलं ना, साहेब म्हणाला तो..."

उर्मिला त्या हाताला चावली. कडकडून चावली. रंगाची आणि रक्ताची चव आली.

"गुणवंत!" ती ओरडली. "मेन लावू नको! ए गुणवंत! आत गॅस भरलाय! मेन लावलीस तर मरू आम्ही! तीन माणसं आहोत आत! मेन लावू नको!"

लग्नाला वीस वर्षं झाली, तिनं त्याला नावानं कधी हाक मारली नव्हती. समोर आला की पदर सावरायची.

खट्ट झालं नाही.

बाहेर काहीच झालं नाही. ट्रेलरही थांबला. मग गुणवंतचा आवाज, फटीच्या अगदी जवळून, हळू. "उर्मिला?"

"हात काढ मेनवरून."

"काढला."

"झाकण लाव."

झाकण कुरकुरलं.

"शटर उघड. हळू. लोखंडाला लोखंड घासू देऊ नको. जरासं उघड आणि थांब."

गुणवंतनं कुलूप काढलं. त्याच्या हातातून चावी दोनदा पडली, दोन्ही वेळा आतल्या तिघींचा जीव गेला आणि परत आला. शटर वीतभर वर झालं, मग हातभर. इनेझनं आधी रसिकाला बाहेर ढकललं, मग उर्मिलाचा पाय ओढून तिला सरळ केलं आणि बाहेर सरकवलं, मग स्वतः पोटावर सरपटत बाहेर आली. उन्हानं तिघींचे डोळे मिटले. रसिका भिंतीशी वाकून ओकली.

गुणवंत एकटाच होता. कानाला मोबाईल नव्हता, हातात होता. साहेब कुठेच नव्हते. पलीकडे हॉटेलच्या दाराशी त्यांची गाडी उभी होती.

गुणवंतचा चेहरा पांढराफटक पडला होता.  त्यानं एकदा पेटीकडे बघितलं, एकदा बायांकडे. उर्मिलाला वाटलं, आता हा रडणार. मग रंग परत यायला लागला आणि रंगाबरोबर गुणवंतही परत आला.

"ओरडायचं काय कारण?" तो म्हणाला. "हळू सांगायचं ना. मी इथेच होतो."

"हळू?" इनेझ म्हणाली. "हळू सांगायला गेलो असतो तर तू आमचे तुकडे गोळा करत असतास."

"आंटी, तुम्ही मधे बोलू नका. रसिका, तोंड धू आणि पोती बाहेर काढ. लवकर. साहेब जेवून परत येणारेत, चावी मागितलीय त्यांनी. आत काही दिसता कामा नये." मग तो उर्मिलाकडे वळला. "आणि तू. नशीब समज साहेब हॉटेलात गेले होते. साहेब इथे उभे असते तर?"

उर्मिला भिंतीला टेकून बसली होती. डोकं घणासारखं वाजत होतं. खोटं बोलायला तेवढी शुद्ध लागते.

"साहेब आहेत असंच समजून ओरडले," ती म्हणाली.

गुणवंतला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो खाली वाकून तिच्या तोंडाशी तोंड आणून बोलला. "माझ्या खोलीत राहते. माझ्या जिवावर जगते. नवऱ्याला मी पोसतोय, पोरीला मी शिकवतोय. आणि माझ्या धंद्यावर साहेब आणते? खोली रिकामी कर. आज. संध्याकाळी कुलूप लावणार मी. त्या लंगड्याला उचलून कुठे न्यायचं तिथे ने."

रसिका आत जायला वाकली होती, ती तशीच थांबली. चावलेल्या हाताला तिनं ओढणी गुंडाळली होती. मग ती शटरखालून आत गेली. तिला दोष देणारे तिची दोन पोरं सांभाळणार आहेत का?

"रसिका, बाहेर ये!" उर्मिला म्हणाली. "आत गॅस आहे अजून."

"ती जाऊन आली की झालं, काही होत नाही," गुणवंत म्हणाला. "ए, लोखंडी गाडी घे गं, पोती जड आहेत."

लोखंडी गाडी. लोखंडी चाकं. फरशीवर. इनेझ उठली, मेनच्या पेटीला पाठ लावून उभी राहिली आणि हात छातीशी बांधले. "गाडीला हात लावायचा न्हाय," ती आत ओरडली. "रसिके, आयकतेस का? पोतं ओढत आण, न्हायतर आणू नको. आणि शेठ, ही पेटी आज मी सोडत न्हाय. मला हलव आधी."

उर्मिला उठली. तोल गेला, भिंत धरली. लवूसारखी भिंत धरून दोन पावलं चालली, मग भिंत संपली आणि ती तशीच चालत राहिली, हॉटेलच्या दिशेनं.

"कुठे चालली?" गुणवंत म्हणाला.

 गेली तीन वर्षं हा प्रश्न आला की ती थांबायची. खोली होती म्हणून थांबायची. छातीवर दगड ठेवावा तशी ती खोली तिच्यावर ठेवलेली होती, आणि तो दगड गुणवंतनं आत्ता स्वतःच्या हातानं, रागाच्या भरात, उचलून फेकला होता. संध्याकाळी कुलूप लागणार. मग आता कशाला गप्प बसायचं? गप्प बसून काय वाचणार होतं?

हे गुणवंतच्या डोक्यात तिच्यानंतर दहा पावलांनी आलं.

"उर्मिला! अगं, ए उर्मिला! थांब! रागात बोललो मी." त्याच्या चपला मागून फटफटत आल्या. "घरातली गोष्ट आहे. घरात बोलू. लवू माझा भाऊ आहे, त्याला मी रस्त्यावर काढेन का? तू ऐक तरी. खोली तुझीच समज. नावावर करून देतो हवं तर."

हे ऐकून तिला हसू आलं. हसताना घशात रंगाची चव आली. ती वाकून थुंकली, थुंकी चंदेरी होती. गुणवंतनं तिचा दंड धरला. तिनं दंडाकडे बघितलं. गॅरेजवरचे दोघं-तिघं हातातलं काम टाकून बघायला लागले, तेव्हा त्यानं सोडला.

हॉटेलात पंख्याखाली साहेब आणि त्यांचा माणूस जेवायला बसले होते. थाळी नुकतीच आली होती. उर्मिला त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. केस सुटलेले, अर्धा गाल चंदेरी, ओठांना रक्त.

"काय पाहिजे?" साहेबांच्या माणसानं विचारलं. त्याला ती मागणारी वाटली.

"मागे ते बंद गोडाऊन बघितलंत ना, ते बंद नाही. आम्ही आत होतो. तीन बाया. बाहेरून कुलूप लावून."

साहेबांचा घास हातात राहिला. त्यांनी तिच्या हातांकडे बघितलं, मग दाराकडे. दारात गुणवंत उभा होता. आत येत नव्हता, जातही नव्हता.

"तुम्ही बसा बाई," साहेब म्हणाले. "पाणी प्या. दोन घास खातो आणि येतो. सकाळपासून उपाशी आहोत आम्ही."

"एक अजून आत आहे," उर्मिला म्हणाली. "रसिका तिचं नाव. फरशीवर गॅस आहे आणि हा माणूस तिला लोखंडी गाडी ओढायला सांगून इथे आलाय."

तिनं साहेबांची थाळी दोन्ही हातांनी धरून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली. थाळीच्या कडेला तिची चंदेरी बोटं उमटली.

"उठा," ती म्हणाली. "जेवण नंतर. आधी उठा."

साहेब उठले. हात न धुता उठले. खरकट्या हातानं त्यांनी दारातल्या गुणवंतला बाजूला केलं, आणि उर्मिला त्यांच्या पुढे, भिंत न धरता, शेडीकडे पळायला लागली.